साचा सुगम, मजकूर दुर्गम

रत्नागिरी जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, ज्या साच्यावर उभे आहे त्याचे नाव एस३वास. या नावातल्या तीन 'एस'पैकी दोन इंग्रजी आहेत, सिक्युअर आणि स्केलेबल. तिसरा मात्र सुगम्य. देशभरातल्या जिल्ह्यांची संकेतस्थळे याच साच्यातून निघालेली असल्यामुळे रत्नागिरीचे पान आणि गडचिरोलीचे पान सख्खी भावंडे वाटतात. वरच्या पट्टीत थेट मुख्य मजकुराकडे नेणारी कडी असते, अक्षरे लहानमोठी करण्याची सोय असते. ज्याला पडदा दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीकडून पान वाचून घेतो, त्याला या पानावर कळफलकाच्या आधाराने फिरता येईल, असा विचार करूनच हा साचा घडवलेला आहे. वीस वर्षांपूर्वीची सरकारी पाने ज्यांना आठवतात, सरकत्या लाल ओळी आणि लुकलुकणारे 'नवीन' हे फलक, त्यांना ही प्रगती किती मोठी आहे हे सांगावे लागणार नाही. तरीही या लेखाचे म्हणणे असे आहे की मराठी माणसाच्या वाट्याला येणारी सुगमता या साच्यात ठरतच नाही. ती ठरते साच्यात जे ओतले जाते त्यात: भरतीच्या जाहिरातीत, पात्र-अपात्र यादीत, निविदेत, परिपत्रकात. आणि हे ओतण्याचे काम करणाऱ्या टेबलापर्यंत सुगमतेचा विषय पोचलेला नाही, कारण तो विषय आद्याक्षरांच्या एका भाषेत बंद आहे, आणि ती भाषा प्रोग्रामरांची आहे.

ही आद्याक्षरे एकदा सोडवून पाहिली तर त्यांत भिण्यासारखे काही नाही. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९७ मध्ये सुगमतेसाठी वेगळा उपक्रम सुरू केला आणि १९९९ च्या मे महिन्यात मार्गदर्शक सूत्रांची पहिली आवृत्ती काढली. हीच डब्ल्यूसीएजी, डेव्हलपर मंडळी तिला 'वुकॅग' म्हणून मोकळी होतात. दुसरी आवृत्ती २००८ ची, तिच्या सुधारणा २०१८ आणि २०२३ मधल्या. सगळा डोलारा चार गोष्टींवर उभा आहे: मजकूर कोणत्या तरी इंद्रियाला जाणवला पाहिजे, पान वापरता आले पाहिजे, समजले पाहिजे, आणि आजच्या-उद्याच्या वेगवेगळ्या साधनांवर टिकले पाहिजे. प्रत्येक कसोटी ए, डबल ए आणि ट्रिपल ए या तीन पायऱ्यांपैकी एकीवर. बहुतेक देशांचे कायदे मधल्या पायरीवर थांबतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, चित्राला शब्दांत पर्याय असावा, फक्त रंगावरून अर्थ सांगू नये, अशा या कसोट्या आहेत. एरिया नावाचा प्रकार म्हणजे पानावरच्या गुंतागुंतीच्या भागांना 'हा मेनू आहे, हे बटण आहे, हे आता उघडे आहे' अशी यंत्राला कळणारी पाटी लावण्याची पद्धत. भारताने यात आपली भर घातली. सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू सूत्रे २००९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. प्रमाणपत्र देण्याचे काम एसटीक्यूसी या केंद्रीय यंत्रणेकडे आहे. भारतीय मानक ब्यूरोने युरोपीय मानकाच्या धर्तीवर आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत, २०२१ आणि २०२२ मध्ये, तयार केले. या सगळ्या विषयाला धंद्यातली माणसे 'ए', मग अकराचा आकडा, मग 'वाय' असे लिहितात, कारण मूळ इंग्रजी शब्दात या दोन अक्षरांच्या मध्ये अकरा अक्षरे आहेत.

या लघुरूपांवर हसणे सोपे आहे, पण ती वाईट नाहीत. सुताराला गुण्या लागतो तसा प्रोग्रामरला कसोटीचा क्रमांक लागतो, '१.४.३ मध्ये नापास' एवढे म्हटले की पुण्यातला आणि बंगळुरूमधला माणूस एकच गोष्ट समजतो. अडचण वेगळीच आहे. मोजता येते ते आधी मोजले जाते, आणि यंत्राने मोजता येते ते सर्वांत आधी. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दर वर्षी जगातल्या सर्वाधिक भेटींच्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्रालाही सापडतील असे दोष होते, आणि सर्वांत मोठा दोष फिक्या अक्षरांचा, तो ७९.१ टक्के पानांवर. इतक्या वर्षांच्या प्रचारानंतरचा हा निकाल आहे. त्याहून बोलकी बाब अशी की ज्या पानांवर एरियाच्या पाट्या लावलेल्या आहेत तिथे दोषांची सरासरी पाट्या नसलेल्या पानांपेक्षा जास्त निघते. पाट्यांनीच दोष घडवले असे त्यावरून सिद्ध होत नाही, अशी पाने मुळात गुंतागुंतीचीही असतात. पण आद्याक्षर आले म्हणून सुगमता आली नाही, एवढे नक्की कळते. शिवाय ही तपासणी मुखपृष्ठाची. मुखपृष्ठावरून खाली उतरून 'सूचना' किंवा 'भरती' या कप्प्यात जे पीडीएफ पडलेले असते, तिथपर्यंत हे यंत्र जात नाही, आणि मराठी वाचकाचे काम नेमके तिथे असते.

त्या पीडीएफचा जन्म कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. लिपिक सूचना संगणकावर टाइप करतो. त्या क्षणी ती पूर्ण सुगम असते: तिची अक्षरे अक्षरे असतात, ती मोठी करता येतात, शोधता येतात, स्क्रीन रीडरला वाचता येतात. मग तिची प्रत काढली जाते, साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो आणि तो कागद स्कॅनरवर, पुष्कळदा थोडा तिरका, ठेवला जातो. स्कॅनरमधून बाहेर पडते ते कागदाचे छायाचित्र. डोळसाला दोन्हींत फरक दिसत नाही. स्क्रीन रीडरला मात्र तिथे एकही शब्द सापडत नाही, तो कागदपत्र रिकामे असल्याचे सांगतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कार्यालयात ही सरावाची पद्धत आहे आणि ती राबवणाऱ्याच्या मनात कोणाला वगळण्याचा विचारही नसतो. साच्याला सुगमतेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याच साच्यात दर आठवड्याला अशी चित्रे भरली जातात.

स्कॅन टाळला तरी मराठीचे आणखी एक जुने दुखणे उरते. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि त्याच वर्षी भारताचे स्वतःचे आयएससीआयआय हे सांकेतिक मानकही अधिकृत झाले. तरी पुढची दोन दशके आपल्या कचेऱ्या आणि छापखाने चालले ते दुसऱ्याच युक्तीवर. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट, कुणाकडे श्रीलिपी, कुणाकडे सी-डॅकचे डीव्हीबी मालिकेतले. पडद्यावर दिसायला सुबक मराठी, यंत्राच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा भुसा. तो मजकूर स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे वाचतो आणि ऐकणाऱ्याला निरर्थक इंग्रजी ऐकू येते. आता युनिकोड रुळला, पण पीडीएफ करताना जोडाक्षरे आणि वेलांट्या अजूनही विस्कटतात. मराठी पीडीएफमधला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की 'कि' आणि 'रफार' यांची कशी वाताहत होते, हे पत्रकारितेत आणि वकिलीत रोज अनुभवाला येते. त्यातच पानाची भाषा यंत्राला सांगायची राहून जाते. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे केवळ अक्षरे पाहून यंत्राला भाषा कळत नाही आणि ते मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू लागते. पानाची भाषा आणि मध्येच येणाऱ्या परभाषेतल्या भागाची भाषा नोंदवा, या डब्ल्यूसीएजीच्या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. त्या पाळायला कोडच्या एका ओळीत दोन अक्षरे लिहायची असतात. बाळशास्त्री जांभेकरांचे गाव पोंभुर्ले, त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी १८३२ मध्ये काढलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई, आणि कोणता स्तंभ कोणत्या भाषेतला हे वाचकाच्या डोळ्यांना आपोआप कळे. यंत्राला हे सांगावे लागते. आजच्या आपल्या द्विभाषक पानांवर ते सांगितलेले नसते.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो: अशा वाचकांची संख्या ती किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार २१ पर्यंत वाढवण्याआधीची ती मोजणी आहे. पण संख्येचा मुद्दा रत्नागिरीत वेगळ्या रीतीने मांडला पाहिजे. २००१ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. मुंबई शहर सोडले तर त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा आकडाही तेच सांगतो: कमावता पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला, घर सांभाळायला बाई आणि म्हातारी माणसे. मोतीबिंदू, कापणारे हात, कमी ऐकू येणारे कान असलेल्यांपैकी बहुतेकांकडे अपंगत्वाचा दाखला नसतो आणि पुष्कळदा ते अपंग म्हणून मोजलेही जात नाहीत. पण फिकट राखाडी अक्षरे त्यांना तितकीच दिसत नाहीत आणि बोटाखाली नीट न येणारे बटण त्यांच्याकडूनही चुकते. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल असावा ही कसोटी आली, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या नजरेपुढे संगमेश्वरातली सत्तरीतली खातेदार नसेल. पण कसोटी तिच्याच उपयोगाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ही माणसे संकेतस्थळ उघडतात कुठे? दाखला हवा असेल तर महा-ई-सेवा केंद्रात जातात, तिथला मुलगा सगळे करून देतो. खरे आहे, आणि ही केंद्रे नसती तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये येऊनही कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर तो पोचला नसता. पण मध्यस्थ लागतो हे सुगमता नसण्याचे लक्षण आहे, तिची गरज नसल्याचा पुरावा नव्हे. मध्यस्थाला ओटीपी सांगावा लागतो, म्हणजे बँकेने रोज 'कोणालाही सांगू नका' म्हणून बजावलेली गोष्ट सांगावी लागते. आधार क्रमांक, पेन्शनची रक्कम, आजाराचा दाखला, सामाईक सातबाऱ्यावरची भाऊबंदकी, हे सगळे दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाते. ज्याला पडदा दिसतो तो हवे तर स्वतः करील, नको तर केंद्रात जाईल. ज्याला दिसत नाही त्याला निवडच नाही. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा हा तर याचा कळस. समोरचा माणूस आहे की यंत्र, हे पडताळण्यासाठी तो काढला. नुसत्या चित्राचा कॅप्चा ठेवला की अंध माणूस माणूस म्हणून पास होत नाही. म्हणून दुसऱ्या इंद्रियाला कळेल असा पर्याय द्या, असे डब्ल्यूसीएजी सांगते, आणि नव्या आवृत्तीत तर प्रवेशासाठी स्मरणशक्तीची किंवा कोड्याची परीक्षा घेण्यावरच मर्यादा घातली आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर वादाला फारशी जागा उरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ४२ श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला सर्व मजकूर सुगम स्वरूपात असावा, ही जबाबदारी शासनावर टाकते. शब्द मजकुराबद्दल आहेत, साच्याबद्दल नाहीत. हे आपल्याकडे पुरेसे वाचले गेलेले नाही. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखालचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण अधिनियमाने जे बंधनकारक केले ते नियमाने नुसत्या शिफारशीच्या पातळीवर आणले होते. सक्तीचे किमान निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नियम करा, असे केंद्राला सांगितले. न्यायालयापुढे हैदराबादच्या नॅलसार विधी विद्यापीठाचा या विषयावरचा अहवाल होता. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीच्या पद्धतीबद्दल वीस निर्देश दिले. एका याचिकेत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या, ज्यांना 'डोळे मिचकावा' ही यंत्राची आज्ञा पाळता येत नव्हती. दुसरी एका अंध वकिलाची. हयातीच्या दाखल्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या निवृत्तांच्या जिल्ह्यात या निकालाची चर्चा अधिक व्हायला हवी होती.

कचेरीतून येणारा आक्षेप सहीचा असतो. सहीशिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही, मग स्कॅन केल्याशिवाय करायचे काय? याचे उत्तर मंत्रालय रोज देत असते. राज्य शासनाचे निर्णय संगणक संकेतांकासह आणि डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊन शासनाच्या संकेतस्थळावर येतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. म्हणजे सहीचा प्रश्न जमिनीच्या कागदासाठी सुटला, पण अंगणवाडी मदतनिसांच्या भरतीच्या यादीसाठी सुटला नाही, असे म्हणावे लागेल. आणि डिजिटल सही नसेलच तर साधी तोड आहे: स्कॅन केलेली प्रत ठेवा, शेजारी जिच्यावरून ती छापली ती मूळ टाइप केलेली फाइलही ठेवा. तिला वेगळा पैसा लागत नाही, ती संगणकात पडूनच असते.

इथेच प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला तीस शब्दांचे मराठी टंकलेखन प्रमाणपत्र लागते आणि एमएस-सीआयटी किंवा तत्सम परीक्षा लागते. वेग मोजला जातो. शीर्षक ठळक करून मोठे केले की झाले, असे समजणे आणि त्याला शीर्षकाची शैली लावणे, यांतला फरक मात्र कोणी विचारत नाही. खरे तर स्क्रीन रीडर वापरणारा माणूस शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारतच लांब कागदपत्र वाचतो. यादी तक्त्यात करायची, तक्त्याची पहिली ओळ शीर्ष-ओळ म्हणून नोंदवायची, रकाने स्पेस दाबून जुळवायचे नाहीत, चित्राला पर्यायी शब्द द्यायचे, फाइलची भाषा मराठी ठेवायची. दोन तासांचे शिक्षण आहे. तपासणीलाही खर्च नाही: एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून विनामूल्य मिळतो, तो मराठी बोलतो, आणि मंडणगड तालुक्यात घराडीला अंध विद्यार्थ्यांची निवासी शाळा आहे, सूचना कळते की नाही हे सांगायला जिल्ह्याबाहेरचा सल्लागार शोधायला नको.

यावर सध्याचे उत्तर तयार असते: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, ती चित्रातला मजकूर वाचेल. काही प्रमाणात वाचतेही, आणि स्वच्छ छापलेले मराठी वाचण्यात यंत्रांनी चांगली मजल मारली आहे. पण तिरक्या, शिक्का बसलेल्या पानावर एकमेकांसारख्या दिसणाऱ्या आकड्यांची गल्लत होते. कादंबरीत ते चालून जाईल, गट क्रमांकात किंवा परीक्षेच्या आसन क्रमांकात नाही. चुकीचा आकडा आत्मविश्वासाने वाचून दाखवणारे यंत्र गप्प राहणाऱ्या यंत्रापेक्षा धोक्याचे. पानावर एक विजेट चिकटवले की सर्व कसोट्या आपोआप पाळल्या जातील, हे आश्वासन तर बाजारात जुने झाले आहे. असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलरची कारवाई केली. जो मजकूर मुळात अक्षरांत होता त्याचे चित्र करायचे आणि मग त्या चित्रातून अक्षरे काढायला यंत्र लावायचे, या उद्योगाला कार्यक्षमता म्हणणे कठीण आहे.

मानकेही निर्दोष नाहीत, हे मान्य केले पाहिजे. 'मोठे अक्षर' म्हणजे १८ पॉइंट ही व्याख्या रोमन लिपी पाहून केलेली. चिनी-जपानी-कोरियन लिपींचा तिच्यात वेगळा उल्लेख आहे, देवनागरीचा नाही. ज्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली, तिथे त्याच आकारात मुख्य अक्षराला जागा कमी मिळते. अक्षरांमधले अंतर वाढवता यावे ही कसोटी देवनागरीला जशीच्या तशी लावली तर शिरोरेषाच तुटते; त्या कसोटीत ज्या लिपीत असे अंतर नसते तिला सूट आहे, पण ही सूट मराठी पाने घडवणाऱ्यांना ठाऊक असल्याचे दिसत नाही. देवनागरीसाठी वेगळे आकडे ठरवायचे तर ते काम भारतीय मानक ब्यूरोने आणि मराठीच्या मुद्राक्षर-अभ्यासकांनी करायचे आहे, डब्ल्यूथ्रीसीकडून त्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

जुन्या कागदांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो सोपा नाही. जिल्ह्यातल्या अभिलेख कक्षांत मोडीतले दस्त आहेत, शाई उडालेले जुने फेरफार आहेत. त्यांचे स्कॅन हीच मोठी कमाई आहे आणि त्या प्रत्येकाचे सुगम रूप उद्या द्या असे म्हणणे वेडेपणाचे होईल. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये राज्य आणि स्थानिक शासनांसाठी डब्ल्यूसीएजी २.१ ची डबल ए पायरी बंधनकारक केली, तेव्हा संग्रहातल्या जुन्या मजकुराला सूट दिली. मात्र जुने कागदपत्र एखाद्या सेवेसाठी अर्ज करायला आजही वापरात असेल तर ती सूट लागू नाही. ही रेघ आपल्यालाही उपयोगी पडेल. शंभर वर्षांपूर्वीचा फेरफार संग्रह आहे. दहा वर्षांपूर्वी एकदा स्कॅन करून चढवलेला, अजूनही अर्जदाराला 'डाउनलोड करून भरून आणा' म्हणून सांगितला जाणारा विहित नमुना संग्रह नाही, आणि कुठल्याही तालुक्याच्या कार्यालयाला कामाची सुरुवात करायची असेल तर असे चालू नमुने मोजून होण्याइतकेच आहेत.